दोनशे सात नंबरचे मासे

वडघाटच्या किनाऱ्यावर निळ्या छपराची एक इमारत आहे. तिच्यावर पाटी आहे, ‘मत्स्यश्लेष्म प्रतिपिंड संशोधन केंद्र’. ज्या साहेबानं ही पाटी मंजूर केली, त्याला ती एकदा सगळ्यांसमोर एका दमात वाचायला लावायला हवी होती. गावानं पहिल्याच आठवड्यात तिचं ‘पुसणी’ करून टाकलं आणि आता केंद्राचे प्रमुख डॉक्टर प्रफुल्ल बोरकुटेसुद्धा फोनवर ‘हो, पुसणीतून बोलतोय’ असंच म्हणतात.

नाव काही चुकीचं नाही, कारण तिथलं काम पुसायचंच आहे. उजनी धरणाच्या फुगवट्यात वडघाटच्या भोई सोसायटीचे चारशे बारा तरंगते पिंजरे आहेत आणि त्यांत चिलापी वाढते. गावातल्या बायका होडीतून पिंजऱ्यावर जातात, जाळं वर ओढतात, हात ओले करून मासा उचलतात आणि मऊ स्पंज डोक्याकडून शेपटीकडे एकदाच फिरवतात. मासा परत पाण्यात, स्पंज बर्फातल्या बाटलीत. उलटा हात फिरवायचा नाही, मासा फार वेळ बाहेर ठेवायचा नाही. माशाच्या अंगावरची जी बुळबुळ बघून आजवर लोक नाक मुरडत होते, तीच आता सरकारला हवी होती.

पहिला महिनाभर मात्र बाटल्यांतून काहीच निघेना. यंत्र शून्य दाखवायचं. बोरकुट्यांनी यंत्राचे भाग बदलले, पुण्याहून माणूस बोलावला, पाण्यावर संशय घेतला, माशांवर घेतला. शेवटी वैतागून ते स्वतः होडीत बसले आणि बघतात तर काय, प्रत्येक बाईच्या गुडघ्याशी राखेचा डबा! चिलापी हातातून सटकू नये म्हणून बायका हाताला राख चोळत होत्या. आईनं तसंच केलं, आजीनं तसंच केलं, हाताला दुसरं काही माहीतच नव्हतं. ज्या बुळबुळीसाठी एवढी इमारत उभी केली, ती राखेनं आधीच खरवडून निघत होती.

“माझी मायबी राखच लावत होती जी,” बोरकुटे कपाळाला हात लावून म्हणाले. ते भंडाऱ्याकडचे, तलावावर मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरातले. “मलेच पहिल्या दिवशी समजाले पाहिजे होतं.”

त्या दिवशी त्यांनी सगळ्या बायकांना केंद्राच्या ओट्यावर बसवून समजावून सांगितलं. आपल्या नाकात शेंबूड असतो, तो उगाच नसतो. हवेतला जंतू आत शिरायच्या आधी तिथंच अडकावा म्हणून शरीरानं तो ठेवलेला असतो. मासा तर जन्मभर पाण्यात, आणि पाण्यात जंतूंची जत्रा. मग तो काय करणार? त्यानं सगळ्या अंगालाच ती बुळबुळ लावून घेतली. “म्हंजे असं समजा, मासा म्हंजे सगळ्या अंगानं नाक!” असं बोरकुटे म्हणाले तेव्हा बायका इतक्या हसल्या, की शास्त्र पाच मिनिटं थांबवावं लागलं.

पण पुढचं त्यांनी गंभीरपणे ऐकलं. त्या बुळबुळीत प्रतिपिंडं असतात. जंतूच्या अंगावर एक कुलूप आहे असं धरलं, तर प्रतिपिंड म्हणजे त्या कुलपात बसणारी किल्ली. किल्ली बसली की जंतू जागच्या जागी जखडला. माशाला नवा जंतू भेटला की त्याचं शरीर किल्ली घडवायला घेतं. सुरुवातीच्या किल्ल्या ढिल्या असतात, कुलपात नुसत्या खडखडतात. दोन-तीन महिन्यांनी घट्ट बसणाऱ्या किल्ल्या तयार होतात आणि बुळबुळीत उतरतात. केंद्रातलं यंत्र त्या किल्लीचे दाते वाचायचं. माशाची किल्ली जशीच्या तशी माणसाला चालत नाही, म्हणून ते दाते माणसाच्या प्रतिपिंडावर बसवायचं आणि दोन दिवसांत इंजेक्शन तयार करायचं.

याची गरज का पडली, हे वेगळं सांगायला नको. दवाखान्यांतले जंतू तोवर निम्म्याहून जास्त औषधांना जुमानेनासे झाले होते. आणि वरच्या शहरांचं सगळं पाणी शेवटी उजनीत येऊन थांबत असल्यामुळे इथल्या माशांना जेवढे जंतू भेटले होते, तेवढे कुठल्या शास्त्रज्ञालाही भेटले नसतील.

म्हणूनच केंद्राचे नियमही कडक होते. पिंजऱ्याच्या पाण्यात साबण नाही, भांडी नाहीत, कपडे नाहीत. ज्या घरात जखम चिघळलेला रोगी असेल, त्या घरच्या बाईनं तीन महिने पुसायला यायचं नाही आणि त्या घरचे पिंजरे तेवढे दिवस बंद. दर सोमवारी हे नियम मोठ्यानं वाचून दाखवायचं काम पुसणाऱ्या बायकांच्या मुकादमीणबाईंचं, म्हणजे द्वारका नगरेचं होतं.

द्वारका शेहेचाळीस वर्षांची, आवाजानं खणखणीत आणि शिस्तीची. एकदा एका बाईनं पिंजऱ्याच्या फळीवर बसून नुसता चहाचा पेला विसळला, तर द्वारकानं तिला आठ दिवस घरी बसवलं होतं. गाव तिला पाठीमागे ‘कलेक्टरीण’ म्हणायचं आणि तिला ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

या द्वारकानंच श्रावणात नियम मोडला.

तिची मुलगी ऋतुजा पुण्यात बाळंत झाली. पोट फाडून बाळ काढावं लागलं. बाळ गुटगुटीत, पण आईचे टाके चिघळले. दवाखान्यात तीन आठवडे गेले, औषधं बदलून झाली, पू थांबेना. मग जावई तिला वडघाटला आणून सोडून गेला. द्वारकानं गावात सांगितलं, “बाळ-बाळंतीन खुशाल हाय.” खरं सांगितलं असतं तर मुकादमकी तीन महिने गेली असती आणि नवऱ्याच्या, दशरथच्या, नावचा अडतीस नंबरचा पिंजराही बंद झाला असता. शिवाय ऋतुजाची सासू आधीच ‘आजारी सून पदरात पडली’ असं नातेवाइकांत म्हणत होती. द्वारकाला लेकीच्या नावाला आणखी बट्टा नको होता.

त्यामुळे तिनं कोणाला घरात घेतलं नाही. तिची धाकटी जाऊ शालन भिंतीपलीकडेच राहायची. ती तीनदा बाळ बघायला आली आणि तिन्ही वेळा द्वारकानं उंबऱ्यातच “झोपलीय गं ती” म्हणून परत पाठवलं. शालनची पहिली दोन मुलं पाळण्यातच गेली होती. मागाहून ईश्वरी झाली आणि जगली. तिसऱ्यांदा परत जाताना शालनला वाटलं, आपली नजर लागेल म्हणून आक्का आपल्याला बाळ दाखवत नाही. तिनं काही विचारलं नाही. बोलणं बंद झालं, इतकंच. एक भिंत, दोन चुली, आणि मधे मुकाटपणा, असे चार महिने गेले.

राहता राहिलं बाळंतिणीचं धुणं. पू लागलेल्या पट्ट्या, पातळं, दुपटी. घरात कपडे धुवायचं मशिन होतं, पण सोयरातलं, बाळंतपणाच्या सव्वा महिन्याच्या विटाळातलं, धुणं नगऱ्यांच्या घरात कधीच धुतलं गेलं नव्हतं. ते वाहत्या पाण्यावरच न्यायचं, ही रीत. घाटावर न्यावं तर पट्ट्या गाव बघणार. म्हणून नारळी पुनवेच्या आदल्या दिवशी भर दुपारी, सगळे जेवून आडवे झालेले असताना, द्वारका गाठोडं घेऊन होडीनं अडतीस नंबरवर गेली. तिथं फळीवर बसून तिनं सगळं धुतलं, पिळलं, पाण्याला हळदकुंकू वाहिलं आणि हात जोडले. एवढ्या मोठ्या धरणाला तेवढ्यानं काय होतंय, असं ती स्वतःला म्हणाली. पुढं महिन्याभरानं ऋतुजाचा ताप उतरला, ती सासरी गेली, आणि द्वारकानं ती दुपार मनातून काढून टाकली.

मार्गशीर्षात घाटावर अनेक पिंजऱ्यांतून एकत्र आलेली बाजाराची पकड निवडताना नऊ वर्षांच्या ईश्वरीच्या तळहातात चिलापीच्या पाठीवरचा काटा घुसला. भोयाच्या पोरांना काटे काय नवीन? शालननं हळद दाबली. दुसऱ्या दिवशी हात सुजला, तिसऱ्या दिवशी कोपरापर्यंत लाल झाला, पाचव्या दिवशी तिला सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात काचेच्या खोलीत ठेवलं. जंतू रक्तात गेला होता. एकही औषध लागू पडेना. दवाखान्यानं त्या जंतूचा नमुना वडघाटला पाठवला.

बोरकुट्यांनी साठवणीतल्या सगळ्या किल्ल्या लावून बघितल्या. एकही बसली नाही. सकाळी त्यांनी बायकांना बोलावलं. ईश्वरीचा बाप दवाखान्यात होता. शालन मात्र पहाटेच्या गाडीनं परत आली होती. काचेबाहेर हात बांधून बसले तर येडी होईन, मला कामाला लावा, असं तिनं आल्या आल्या सांगितलं. नियमानं तिला बंदी होती, पण बोरकुट्यांनी जंतुनाशकानं हात धुवायला लावून तिला तेवढ्यापुरती परवानगी दिली.

“जंतू दवाखान्यातला आहे,” बोरकुटे म्हणाले. “धरणात कसा आला, समजून नाही राहिलं. पण आला आहे, आणि चांगला मुरला असंल. म्हंजे कोण्या तरी पिंजऱ्यातल्या माशांजवळ याची किल्ली असंल.”

“नवीन माशांना शिकवा की,” एकीनं सुचवलं.

“पाणी थंड आहे ताई. थंडीत मासाबी थंड, त्याचं रक्तबी थंड. दोन महिने लागतीन.”

“आन् पोरीकडं किती दिस हायेत?” हे शालननंच विचारलं.

बोरकुट्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “पाच. औषध बनवाले दोन जातीन. म्हंजे मासे शोधाले तीन.”

यंत्रात एका वेळी चोवीस पिंजऱ्यांचे नमुने बसत आणि दिवसाला अशी एकच फेरी होत असे. चारशे बारा पिंजरे. तो हिशोब ओट्यावरच्या प्रत्येक बाईनं मनात केला.

दवाखान्यातला जंतू हे शब्द ऐकल्याबरोबर द्वारकाला ते गाठोडं दिसलं होतं. तोंड उघडावं तर सगळं जाणार होतं. मुकादमकी जाणार, पिंजरा जाणार, आणि ऋतुजाच्या सासरी कळलं की रोग हिनं आणला, तर तिचं काय होणार? आणि न उघडावं तर ईश्वरी! जिला तिनं स्वतःच्या हातानं न्हाऊ घातलं होतं, जी शालनआधी तिच्याच कडेवर वाढली होती.

मग तिनं मधला मार्ग काढला. माणूस अडचणीत सापडला की असा मार्ग त्याला लगेच सुचतो. नमुने कुठून आणायचे हे ठरवायचं काम तिचंच होतं. तिनं पहिल्या चोवीसांत अडतीस नंबर गुपचूप घुसवला. औषध मिळेल आणि बोलावंही लागणार नाही. देवा, एवढं होऊ दे, असं म्हणत ती दुपारपर्यंत पुसत राहिली. शालन शेजारच्याच होडीत होती, मान खाली घालून, स्पंजामागून स्पंज भरत.

संध्याकाळी यंत्राचं झाकण उघडलं आणि बोरकुटे जवळजवळ ओरडलेच. “अडतीस! अडतीसमध्ये दिसली!”

सगळ्या आत धावल्या. पण पडद्याकडे बघता बघता त्यांचा चेहरा उतरत गेला. “फार ढिली आहे. हे मासे लहान दिसतात. जंतू यांच्या जाळ्याले चिकटून असंल, पण यांनी किल्ली घडवाले आत्ताच घेतली. याचं औषध नाही होत.” ते नकाशाकडे वळले. “पण पाणी तर वरून येते. म्हंजे जुने, शिकलेले मासे अडतीसच्या वरच्या अंगाले असतीन. उद्या वरचे चोवीस लावू. चुकलं तर…”

द्वारका बाहेर आली आणि दशरथला फोन लावला. तो पलीकडच्या काठाला जाळी दुरुस्त करत होता.

“अवो, आपल्या अडतीसमधले मासे श्रावनातलेच हायेत न्हवं?”

“श्रावनातले? याड लागलं का तुला? दिवाळीनंतर छाटनी केली की. मोठे समदे सोसायटीच्या दोनशे सातला हलवले, अडतीसला नवीन पिल्लं सोडली. का गं?”

तिनं फोन बंद केला. दोनशे सात धरणाच्या भिंतीकडच्या टोकाला होता, वरच्या अंगाच्या अगदी उलट, पाणी शेवटी जिथं पोचतं तिथं. तो पिंजरा आधी का लावायचा, याचं एकच कारण होतं आणि ते जगात फक्त तिला माहीत होतं. वरचे चोवीस पिंजरे लावले की उद्याचा दिवस जाणार. परवा दोनशे सात सापडला तरी त्यातले सगळे मासे पुसायला एक दिवस लागणार, कारण उत्तम किल्ली निवडायला यंत्राला शेकडो माशांची बुळबुळ लागते. म्हणजे औषध तयार होईल तेव्हा ते टोचायला ईश्वरी नसेल.

आत बोरकुटे बायकांना उद्याच्या पिंजऱ्यांचे नंबर सांगत होते आणि शालन ते मोठ्यानं परत म्हणत होती, विसरू नये म्हणून. एक, दोन, तीन, पाच. शाळेत पाढे म्हणावेत तशा आवाजात. तो आवाज द्वारकाला ऐकवेना.

ती आत गेली. “सायेब, उद्या वरचे नका लावू. दोनशे सात लावा. नुस्तं दोनशे सात.”

“काहून?”

“त्यातले मासे आधी अडतीसला होते.”

“बरं, पण म्हणून काय झालं जी? जंतू तिथंच आला, हे कशावरून?”

“मी टाकला म्हनून.” ती थांबली नाही. थांबली असती तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. “माझ्या ऋतुजाचे टाके चिघळले हुते. पू हुता. दवाखान्यातनं तशीच आनली. मी कुनाला सांगितलं न्हाई. सोयराचं धुनं, पट्ट्या, समदं मी अडतीसच्या फळीवर धुतलं. नारळी पुनवेच्या आदल्या दिशी. ईसूच्या हातात जे गेलंय ते माझ्या घरचं हाय.”

बोरकुट्यांनी मनात महिने मोजले. “चार महिने,” ते पुटपुटले. “घट्ट किल्ली.” त्यांनी टेबलावर मांडलेल्या उद्याच्या रिकाम्या बाटल्या एका हातानं बाजूला सारल्या आणि नवी पेटी काढली. रागवायचं काम त्यांनी पुढं ढकललं असावं.

शालन मात्र जागची हलली नव्हती. सगळ्यांना वाटलं ती आता अंगावर धावून जाईल. ती म्हणाली, “मला झोपलीय म्हनालीस. तीनदा.”

“शालन, मी…”

“मला वाटलं, दोन लेकरं खाल्लेली बाई म्हनून दारात उभी करतीस. चार महिने मला त्योच घोर हुता आक्का.”

द्वारकाला रडू फुटलं. तिनं जावेचे पाय धरायला हात पुढं केला तर शालन मागे सरकली आणि म्हणाली, “पाय नको. पहाटं होडी कितीला सुटायची ते सांग.”

दिवस उजाडताच अकरा होड्या दोनशे सातवर पोचल्या. कडाक्याची थंडी. पाण्यावर धुकं आणि पाण्यात हात घातला की बोटं लाकडासारखी होत. पिंजऱ्यात साडेआठशे मासे होते, चांगले अर्ध्या किलोचे, ताकदीचे, शेपटीचा फटका बसला तर मनगट झिणझिणावं असे. ते घाबरले तर बुळबुळीत भलतंच काही उतरतं आणि किल्ल्या कमी होतात, म्हणून गडबड करून चालत नव्हतं. जिला घाई आहे तिनंच सावकाश हात चालवायचा, असं ते काम होतं.

शालन द्वारकाच्याच होडीत येऊन बसली होती. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. वडघाटात त्या दोघींइतका हलका हात कोणाचा नव्हता, एवढं खरं. एकीनं मासा उचलायचा, दुसरीनं पुसायचा. दुपारी बोटं उघडेनाशी झाली तेव्हा द्वारकानं थर्मासमधलं गरम पाणी ओंजळीवर ओतून घेतलं आणि न बोलता थर्मास पुढं केला. शालननं घेतला.

उन्हं कलताना शेवटचा मासा पाण्यात गेला. शालननं हात पदराला पुसले.

“पोरगी वाचली तर तिला हे तू सांगायचंस,” ती म्हणाली. “माझ्या तोंडून न्हाई, गावाच्या न्हाई. तूच.”

“सांगन.”

“आन् न वाचली तर…” तिनं पुढचं गिळलं. द्वारकानं वल्हं हातात घेतलं.

किल्ली सापडली. बोरकुट्यांनी दोन दिवस खुर्चीतच काढले. पाचव्या दिवशी सकाळी अकराला छोटं उडतं यान औषधाची पेटी घेऊन सोलापूरकडे निघालं, तेव्हा सगळा गाव घाटावर उभा राहून आकाशात बघत होता. दुपारी दवाखान्यात इंजेक्शन गेलं. संध्याकाळपर्यंत काही फरक नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. दुपारी ईश्वरीच्या बापाचा फोन आला. त्यानं सांगितलं की ताप एकशे एकवर आलाय आणि पोरीनं पाणी मागितलंय. बोरकुटे केंद्राच्या मागच्या बाजूला जाऊन पोटभर रडले. ते बघणाऱ्या बायकांनी आपण बघितलं नाही असं दाखवलं.

सोसायटीची बैठक झाली. द्वारकानं उभं राहून पुन्हा सगळं सांगितलं, यावेळी न अडखळता. मुकादमकी गेली, अडतीस नंबर बंद झाला. काही जण खूप बोलले आणि त्यांचा हक्कही होता. ऋतुजाच्या सासूचा फोन आला, तो तिनं कानाशी धरून पूर्ण ऐकला. एकच गोष्ट तिला त्या महिन्यात झोपू देत नव्हती, आणि ती म्हणजे नऊ वर्षांच्या मुलीसमोर बसून काय शब्द वापरायचे.

पौषात ईश्वरी घरी आली. हात वाचला होता, दोन बोटं अजून वाकत नव्हती. दुपारच्या उन्हात ती ओट्यावर बसली होती, शालन बाजूला तांदूळ निवडत होती. द्वारका आली आणि समोर खालीच बसली. शालननं वर बघितलं नाही, पण तिचे हात थांबले.

द्वारकानं ठरवलेले शब्द एकही आठवेना. मग तिनं सरळ सांगितलं. ऋतुजाताईला काय झालं होतं, ते आपण का लपवलं, धुणं कुठं धुतलं, त्या पाण्यातला जंतू माशाच्या काट्यावरून हातात कसा गेला. “तुला जे झालं, ते माझ्यामुळं झालं ईसू. माशानं न्हाई केलं.”

ईश्वरीनं ऐकून घेतलं. आपल्या वाकड्या बोटांकडे बघितलं. पोरगी आता रडेल, नाहीतर आईला बिलगेल, असं द्वारकाला वाटलं आणि तिनं मनाची तयारी केली.

“मोठी आई,” ईश्वरीनं विचारलं, “मंग ऋतुजाताईलाबी येवढंच दुखत हुतं?”

द्वारकानं मान डोलावली.

“तिचं तर पोट हुतं. माझा नुस्ता हात. मी किती वरडत हुते, आई-बाबा दोघंबी हुते माझ्याजवळ.” ती विचारात पडली. “ती वरडायची तवा आमाला कसं ऐकू न्हाई आलं?”

“मी तिच्या तोंडात पदराचा बोळा देत हुते,” द्वारका म्हणाली. हे तिनं बैठकीत सांगितलं नव्हतं, दशरथला सांगितलं नव्हतं, आणि स्वतःशीसुद्धा इतक्या उघडपणे कधी म्हटलं नव्हतं. “भिंतीपल्याड आवाज जाऊ ने म्हनून.”

मग तिला जे रडू आलं ते आवरण्यातलं नव्हतं. ईश्वरी घाबरून आईकडे बघू लागली. शालननं तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. थोडा वेळ ती भिंतीकडे बघत राहिली, जिच्या एका अंगाला ती चार महिने राग धरून झोपली होती.

“फोन दे तुझा,” ती द्वारकाला म्हणाली.

द्वारकानं दिला. शालननं ऋतुजाचा नंबर लावला. पलीकडून बाळाच्या रडण्याचा आणि ऋतुजाच्या घाईच्या आवाजाचा मिळून गलका आला. “हॅलो, आई? बोल ना, काय झालं?”

“आई न्हाई, काकी बोलतीया,” शालन म्हणाली. “ऋतू, बाळ, आता दुखतं का गं तुला?”